डुलतंय कुटंतरी

परवा आमचं वॉशिंग मशीन कपडे पिळताना थडथड उड्या मारायला लागलं. नवरा म्हणाला, "कंपनीच्या माणसाला फोन कर." मी फोन करण्याऐवजी मशीनच्या झाकणावर तळहात टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "डुलतंय कुटंतरी." नवरा बघतच राहिला. माझ्या तोंडून सातारी बोली त्याने लग्नानंतरच्या तीन वर्षांत कधी ऐकली नव्हती. मग त्याला मिस्त्रीकाकांबद्दल सांगायला बसले, तर सांगताना माझाच जीव थाऱ्यावर राहीना. अर्धवट सोडून उठले. म्हणून आता लिहून काढतेय.

मिस्त्रीकाका आमच्या रायफल क्लबातल्या बंदुका दुरुस्त करायचे. सगळी नोकरी फौजेच्या वर्कशॉपमध्ये हत्यारांशी झटण्यात गेलेली. गाव साताऱ्याकडचं, घर करंजाड्यात, आणि जीव खारघरात एका मंगल कार्यालयाच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. तिथे आमची दहा मीटरची रेंज होती. हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफली, समोर पोस्टाच्या तिकिटाएवढी वाटणारी काळी टार्गेटं आणि खालून येणारा बँडचा आवाज. लग्नसराईत आमच्या पायाखालची फरशी ढोलाच्या ठेक्यावर थरथरायची. काका तडक खाली जायचे आणि वरातीच्या पुढे उभे राहून बँडवाल्याला सांगायचे, "धा मिंटं दम काढा. पोरांची सिरीज चाललीय." नवरदेव घोड्यावर ताटकळत. एकदोनदा धक्काबुक्कीची वेळ आली, पण काका हटले नाहीत.

त्यांना सर म्हणायची सोय नव्हती. पहिल्याच दिवशी मी "सर" म्हणाले तर त्यांनी कोचसरांकडे बोट दाखवलं. "सर त्यो. मी मिस्त्री." म्हणून आम्ही सगळे मिस्त्रीकाका म्हणायचो.

आणि त्यांना बसता यायचं नाही. खरंच सांगते, मी त्यांना त्या हॉलमध्ये खुर्चीवर बसलेलं बघितलं नाही. चहासुद्धा चालत प्यायचे. एका टोकाला कप भरलेला, दुसऱ्या टोकाला रिकामा. आमच्या खेळात श्वासही मोजून घ्यायचा, अंगावर बसलेली माशीही हाकलायची नाही, आणि आमच्या पाठीमागे हा माणूस फेऱ्या मारतोय. कोचसर वैतागायचे.

"मिस्त्री, प्लीज यार. मुलं एम करतायत."

"करू द्या की. मी काय गोळीच्या वाटंत हाय?"

"डिस्टर्ब होतं ना पण!"

"मॅचला कोण शिंकलं तर काय करतील? तितं बी माझ्या नावानं बोंब मारतील?"

त्यावर कोचसर कपाळाला हात लावायचे. गंमत अशी की काकांच्या त्या चपलांच्या आवाजाची आम्हाला सवय झाली होती. ते एखाद्या दिवशी आले नाहीत तर उलट आमचेच नेम बिघडायचे.

जगातल्या सगळ्या वस्तूंचे काकांनी दोनच प्रकार केले होते. एक फिरणाऱ्या आणि दुसऱ्या डुलणाऱ्या. बंदुकीच्या नळीत आतून स्क्रूसारखे आटे असतात. त्यातून जाताना गोळीला गिरकी मिळते आणि त्या गिरकीच्या जोरावर ती सरळ जाते, जोरात फिरणारा भोवरा जसा एका जागी उभा राहतो तशी. पण बाहेर पडताना तिला केसभर जरी धक्का लागला तरी ती डोकं हलवत, डुलत जाते, आणि डुलणारी गोळी कुठे बसेल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. एवढी साधी गोष्ट. पण काकांनी तिच्यावर सगळं जग मोजायला घेतलं होतं. रिक्षात बसले की दुसऱ्या मिनिटाला ड्रायव्हरच्या खांद्यावर हात: "मागचं डावं चाक डुलतंय, बघून घ्या." सोसायटीतली लिफ्ट, दुकानातला मिक्सर, शेजारणीचं शिलाई मशीन, सगळ्यावर तळहात ठेवून डोळे मिटायचे. माणसंही त्यांतच बसवलेली. कोचसरांबद्दल विचारलं तर म्हणायचे, "माणूस चांगला हाय. पण डुलतोय."

एकदा खाली लग्न लागत होतं. काका बँडवाल्याशी भांडायला म्हणून गेले आणि परत आलेच नाहीत. म्हणून मी बघायला गेले. तर मंगलाष्टकं चाललेली, भटजींच्या शेजारी एका टेबलावर काका उभे, आणि डोक्यावरचा पंखा बंद करून त्याच्या एका पात्याला चिकटपट्टीने वॉशर लावतायत. मुलीचा मामा खालून टेबल धरून उभा होता. पंखा सुरू झाला, अजिबात हलला नाही, आणि काकांनी वरूनच वधूवरांवर अक्षता टाकल्या. त्या लग्नाचं जेवण आम्ही दोघांनी पहिल्या पंगतीला बसून हाणलं. म्हणजे मी बसून, ते उभ्याने.

"छर्रा" हा शब्द त्यांना चालायचा नाही. आमच्या रायफलींना जे कंबरेत बारीक असलेले शिशाचे दाणे लागतात त्यांना सगळे छर्रेच म्हणतात. काका म्हणायचे, "छर्र्यानं पोरं कबुतरं मारत्यात. तुमी गोळी म्हणा." गोळीचा डबा आला की ते शंभर-शंभर गोळ्या कापडावर पसरून एकेक उचलून बघायचे. जिचा घेर जराही जास्त, ती बाजूला.

दुरुस्तीच्या बेंचवर त्यांची एक वही असायची. बंदुकीच्या प्रत्येक भागापुढे ते तपासून झाल्यावर बरोबरची खूण करायचे, आणि एकदा खूण केली की त्या भागाकडे परत बघायचं नाही हा त्यांचा नियम. मी एकदा विचारलं, "काका, परत बघितलं तर काय बिघडतं?" तर माझ्यावर खेकसले, "परत बघायचं म्हंजे पयल्यांदा झोपलो होतो का?" ज्याला एका जागी दोन मिनिटं राहता येत नाही त्याने असले कडक नियम करावेत याचं मला तेव्हा हसू यायचं. पण नियमाशिवाय त्यांचं चाललं नसतं. नियम नसता तर एकाच बंदुकीभोवती ते आयुष्यभर फिरत राहिले असते.

आता त्या वर्षाचं सांगते. मी तेव्हा खारघरच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. ज्युनिअर गटातलंही माझं शेवटचं वर्ष. दिवाळी झाल्या झाल्या राज्याच्या ज्युनिअर संघाची निवड होती. त्यात नाव आलं नाही तर पुढच्या वर्षी मोठ्यांच्या गटात माझा निभाव लागणार नव्हता, हे मलाही माहीत होतं आणि घरच्यांनाही. बाबांनी स्पष्टच सांगितलं होतं, यंदा झालं तर झालं, नाहीतर रायफल विकून टाकायची आणि बँकेच्या परीक्षांना बसायचं. नाव येण्याजोगे माझे गुण होते. दसऱ्याआधीच्या महिन्यात तर मी भलतीच फॉर्मात होते.

खंडेनवमीला क्लबात शस्त्रपूजा असायची. एका लांब टेबलावर सगळ्यांच्या रायफली ओळीने मांडायच्या, झेंडूचा हार, नारळ, कोचसरांच्या बायको हळदीकुंकवाचं ताट घेऊन यायच्या. काका आदल्या दिवशी सगळ्या रायफली साफ करून वहीत खुणा करून ठेवायचे, आणि पूजेच्या वेळी टेबलासमोर आडवे उभे राहायचे. "हार टेबलाला. हळद टेबलाला. बंदुकीला बोट लावायचं न्हाई." वहिनी बिचाऱ्या हिरमुसल्या. त्या म्हणाल्या, "अहो, एक टिळा तर लावू द्या, वर्षाचा सण आहे." काका म्हणाले, "तिला सण कळत न्हाई, वहिनी. तिला कचरा कळतो." असा हा माणूस. देवाचं नाव काढताना मी कधी ऐकला नाही.

दसऱ्यानंतर चारपाच दिवसांनी माझ्या गोळ्या भरकटायला लागल्या.

सगळ्या नाहीत. तेच तर वाईट होतं. नऊ गोळ्या दहा गुणांच्या वर्तुळात, एकीवर एक, आणि मध्येच एक साडेआठ गुणांची. कधी पंधरा गोळ्यांनी एक, कधी लागोपाठ दोन. आणि दरवेळी डावीकडे. मी श्वास बदलला, पाय बदलले, जॅकेटचा पट्टा घट्ट केला, सैल केला. कोचसरांनी दोन दिवस माझ्या मागे उभं राहून बघितलं आणि निदान केलं, "ट्रिगर ढकलतेयस तू. सरळ मागे नाही ओढत. उजव्या हाताचा शूटर डावीकडे गेला की ट्रिगरच असतो. टेन्शन घेतलंयस ना सिलेक्शनचं?"

टेन्शन मी घेतलं नव्हतं. त्यांनी विचारल्यावर घेतलं.

काका म्हणाले, "पोरगी हलत न्हाई. बंदूक बघतो."

त्यांनी रायफल लाकडी दाढांच्या शिकंज्यात आवळली. हा शिकंजा त्यांनीच बनवलेला. त्यात नळी धरायची तर तिच्या पुढचं टोपण काढावं लागायचं. टोपण म्हणजे नळीच्या टोकावर बसवलेलं पोकळ नळकांडं, ज्याच्या तोंडाच्या भोकातून गोळी बाहेर येते. शिकंज्यातून त्यांनी वीस गोळ्या मारल्या. सगळ्या एका भोकात. सगळा क्लब बघत होता.

"बघ," कोचसर म्हणाले. ते मुद्दाम लागेल असं बोलले नाहीत, पण मला लागलं. "शिकंज्यात टेन, तुझ्या हातात एट पॉइंट फाइव्ह. मग प्रॉब्लेम कुणाचा, सांग ना?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काका टार्गेटचा कागद हातात घेऊन फेऱ्या मारत होते. मग एकदम थांबून म्हणाले, "माणूस चुकला की चौकडं चुकतो. कदी वर, कदी खाली, कदी हिकडं. हिची एकाच जागंला जातीय. ही चूक माणसाची न्हाई. लोखंडाची हाय."

"अहो पण तुमच्याच शिकंज्याने सांगितलं ना!"

"शिकंजा बी डुलत असंल." हे ते स्वतःच्या हातच्या शिकंज्याबद्दल म्हणाले. मग सगळ्यांकडे बघून, "लिवून घ्या. पोरीची चूक निघाली तर मी हितल्या बेंचला पुन्यांदा हात लावणार न्हाई."

कुणी लिहून घेतलं नाही. पण काका बोलले म्हणजे ते लिहिल्यासारखंच होतं.

पुढचे तीन आठवडे त्या माणसाने काय केलं नाही? गोळ्या बदलल्या. हवेची टाकी बदलली. एकूण एक स्क्रू काढून परत बसवला. खांद्याला टेकवायच्या दस्त्याखाली पुठ्ठ्याचे तुकडे घातले, काढले. माझी रायफल दुसऱ्या एका मुलीला देऊन बघितली, तर तिच्याही दोन गोळ्या डावीकडे गेल्या. काकांनी टाळी वाजवली, पण कोचसर म्हणाले, "दुसऱ्याचा दस्ता आहे, तिच्या खांद्याला बसतच नाही. त्याचं काय धरायचं?" तेही खरंच होतं. काका सकाळी क्लब उघडायच्या आत दारात हजर असायचे. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. काकूंचा फोन यायचा, जेवले का विचारायला, आणि ते खोटंच "व्हय" म्हणायचे. फक्त एका गोष्टीकडे त्यांनी बघितलं नाही, कारण वहीत तिच्यापुढे खंडेनवमीच्या आदल्या दिवशीची खूण होती: टोपण, बरोबर.

मी मात्र तोवर मनातून फितूर झाले होते. मला कोचसरांचं पटायला लागलं होतं. रात्री अंथरुणात उजव्या हाताचं बोट वाकवून बघायचे, हे डावीकडे ढकलतंय का. काकांच्या फेऱ्यांचा मला राग यायला लागला. त्यांनी हट्ट सोडला तर मी निदान ट्रिगर तरी सुधारीन, असं वाटायचं. एकदा तसं बोललेही. ते थांबले नाहीत, चालता चालताच म्हणाले, "तुला शंका येऊ दे. मला न्हाई."

निवडीचा दिवस आला. ती दुसऱ्या एका रेंजवर होती, पनवेलच्याही पलीकडे. काका आले नाहीत. स्पर्धेला यायचंच नाही हा त्यांचा आणखी एक नियम.

नेमबाजीच्या आधी रायफलीची तपासणी होते. एका खिडकीशी टेबल मांडून एक पंच बसले होते. त्यांनी माझ्या रायफलीचं टोपण काढलं, पट्टी लावून लांबी मोजली आणि ते टेबलावर उभं ठेवलं, तोंड वर करून. खिडकीतून ऊन थेट त्याच्यावर येत होतं. बंदुकीच्या तोंडात बघायचं नाही हा आमचा पहिल्या दिवसाचा पहिला धडा, त्यामुळे ते तोंड आतून मी कधी पाहिलंच नव्हतं. भोकाच्या आतल्या कडेला, उजव्या बाजूला, नखाएवढी केशरी चंद्रकोर होती. वाळून कडक झालेली.

मी कानात घालायची कापसाची काडी फिरवली. कापूस केशरी झाला. वास घेतला. तेल आणि शेंदूर.

मारुतीच्या देवळातला वास कुणाला सांगावा लागत नाही. आणि मला आठवलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काकांच्या अंगठ्याचं नख केशरी होतं. मी विचारलं तर म्हणाले होते, "गेट रंगवत होतो." त्या क्षणी सगळं लख्ख कळलं. सगळ्यांचे हात झिडकारणाऱ्या या माणसाने, कुणी नसताना, एकट्या माझ्या रायफलीला शेंदूर लावला होता. दुसऱ्या कुणी लावला असता तर दस्त्यावर लावला असता, आणि काही बिघडलं नसतं. पण काकांना बरोबर माहीत होतं की बंदुकीत खरी जागा कुठली. गोळी जिथून जगात येते तिथे, नेमक्या कडेवर, त्यांनी तो लावला, आणि चारपाच दिवसांत तो वाळून टणक झाला. काकांच्या नजरेतूनही सुटलेली, घेर केसभर जास्त असलेली गोळी आली की ती त्या कडेला घासायची आणि डुलत डावीकडे जायची. आणि शिकंज्यात धरताना टोपणच काढलेलं असायचं.

मी कडा स्वच्छ पुसली आणि नेमबाजीला उभी राहिले. साठ गोळ्यांत एकही भरकटली नाही. संघात तिसरं नाव माझं आलं.

घरी येईपर्यंत आनंदाने नुसती उडत होते. पण डोक्यात एकच चाललं होतं, काकांना काय सांगायचं? कोचसरांना हे कळलं असतं तर त्यांनी वर्षभर काकांना सोडलं नसतं. वहिनींना झिडकारलं आणि स्वतः चोरून शेंदूर लावला, तोही असा की पोरीची निवडच जायची वेळ आली! काकांना तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मला त्यांची कणव आली. आणि खरं सांगायचं तर, थोडी मोठेपणाची हौसही आली. एवढं माझ्यासाठी झिजलेत, तर दोष मी घेऊन टाकते, माझी निवड तर झालीच आहे, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी क्लबात पेढे वाटले. काका पेढा हातात धरून माझ्यासमोर उभे राहिले. "काय होतं?"

सगळे ऐकत होते. कोचसरही.

"माझंच चुकत होतं, काका," मी म्हणाले. "ट्रिगर ढकलत होते. तिथे गेल्यावर लक्षात आलं."

"खरं?"

"खरं."

त्यांनी पेढा खाल्ला. बोटं रुमालाला पुसली. कोचसर मोठ्या मनाने म्हणाले, "चला मिस्त्री, होतं असं. जाऊ दे." काकांनी बेंचवरची हत्यारं एकेक उचलून कापडात गुंडाळली, वही वर ठेवली आणि नमस्कार करून गेले. आम्हाला वाटलं, लवकर घरी निघाले. ते दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा कुठे मला आठवलं की ते पैजेवर बोलले होते. मी ज्याला छोटंसं खोटं समजत होते त्याने त्यांचं बेंच गेलं होतं.

आठवडा गेला. फोन केला तर काकू घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बोलत न्हाईत कुनाशी." शेवटी आठव्या दिवशी दुपारी मी करंजाड्याला गेले. जाताना कापसाची ती केशरी काडी रायफलीच्या पेटीतून काढून घेतली होती.

दार काकूंनी उघडलं. आत जमिनीवर तीन पंखे उतरवून ठेवलेले. "बघ बाई," काकू म्हणाल्या, "घरातलं समदं खोलून झालं. आता शेजाऱ्यांच्या दारात जात्यात. माझा मिक्सर तर दोनदा उघडला."

काका गॅलरीत फेऱ्या मारत होते. गॅलरी चार पावलांची. चार पावलं जायचे आणि वळायचे. मला बघून म्हणाले, "बंदूक बरी हाय ना?"

मी काडी पुढे केली. "काका, मी खोटं बोलले. हे टोपणात होतं."

त्यांनी काडी नाकाशी नेली. मग ती उजेडात धरून फिरवली. आता हा माणूस खचणार, असं वाटलं.

"कुटं होता?" त्यांनी विचारलं. "आतल्या कडंला?"

"हो."

"पुरा गोल, का अर्धा?"

"अर्धा. उजव्या बाजूला."

"उजव्या!" त्यांनी भिंतीवर थाप मारली. "उजवीकडं घासून डावीकडं जात व्हत्या! मी म्हनलो व्हतो का न्हाई? चूक माणसाची न्हाई म्हनलो व्हतो का न्हाई?" आणि ते हसायला लागले. मी इतकी घाबरून आले होते आणि हा माणूस चूक स्वतःची निघाली म्हणून आनंदाने डोळे पुसत होता. "लावला आनि फडक्यानं पुसला, गं. पुसला असं वाटलं मला. खूण तर आदल्याच दिशी केली व्हती. परत बघितलंच न्हाई."

काकू दारात उभ्या होत्या. "म्हंजे देवघरातली गावच्या मारुतीची डबी तुमीच नेली व्हती? आनि मी कामवालीला बोलले!"

काका वरमले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुजं शेवटचं साल व्हतं. दुसरं काय माझ्या हातात व्हतं?"

मला रडू यायला लागलं. मी म्हणाले, "तुम्हाला सगळे हसले असते, काका. म्हणून मी सांगितलं नाही."

त्यावर त्यांचं हसू गेलं. ते फेऱ्या मारायला लागले नाहीत की ओरडले नाहीत. साध्या आवाजात म्हणाले, "शिकंजा तुझ्या विरुद्ध बोलला, सर बोलले, तू सोता बोललीस. तरी मी तीन आठवडे तुझ्यावर भरवसा ठिवला. तुला माझ्यावर एक दिस ठेवता आला न्हाई?"

मी त्यांना वाचवायला निघाले होते, आणि त्यांना हसणं सोसणार नाही हे मी त्यांना न विचारताच ठरवून टाकलं होतं.

"उद्या समद्यांच्या म्होरं सांगायचं," ते म्हणाले.

"तुमची चूक मी कशी सांगू?"

"माझी मी सांगतो. तू तुझी सांग."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे, वहिनीसुद्धा, जमलेले असताना काका हत्यारांचं गाठोडं घेऊन आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "शेंदूर मी लावला व्हता. टोपणात. त्यानं गोळी डुलत व्हती. वहिनी, तुमची माफी मागतो." एवढंच. कोचसर आधी हसले, मग आणखी दोघं हसले, आणि काका ते हसणं थांबेपर्यंत शांतपणे बेंचवर कापड पसरत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी चार वेळा सुरुवात केली. निवडीच्या साठ गोळ्या मला त्याहून सोप्या गेल्या होत्या. शेवटी म्हणाले, "मला निवडीच्या दिवशीच कळलं होतं. मी खोटं बोलले. त्यामुळे काका गेले." कोणी हसलं नाही. वहिनींनी मान खाली घातली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

काकांनी हत्यारं मांडून संपवली, बेंचवरचा दिवा लावला आणि माझ्याकडे न बघता आवाज दिला, "चला, आता कुणाची डुलतीय?"